शिक्क्याचे पैसे नसतात

मराठीतली रंगांची नावं एकदा ओळीने म्हणून बघा. आकाशी, मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, अबोली, लिंबू कलर (हो, हेसुद्धा आता मराठीच). सगळी कशी झाडापानांतून नाहीतर स्वयंपाकघरातून आलेली. त्यात एक नाव मात्र चक्क व्यसनातून आलंय. तपकिरी! शाळेत झाडाचं खोड रंगवताना आपण जो खडू घासायचो, त्याच्या रंगाचं नाव नाकात ओढायच्या तंबाखूवरून पडलंय, हे माझ्या डोक्यात पार कॉलेज संपल्यावर शिरलं.

खरं तर उदाहरण घरातच होतं. आजोबांचे थोरले भाऊ, आमचे अण्णाआजोबा, तपकीर ओढायचे. त्यांच्या कोटाच्या खिशात एक चपटी पितळी डबी असायची. उघडायच्या आधी झाकणावर दोन टिचक्या, मग दोन बोटांची चिमूट, मग एक लांब श्वास, आणि मग ती शिंक. शेजारच्या वाड्यात ऐकू जायची. त्यांचा रुमाल धुवायला घरातलं कुणी तयार नसायचं. तपकिरीची डबी म्हटलं की माझ्यापुरती गोष्ट तिथेच संपायची.

मग काही वर्षांपूर्वी प्रोजेक्टच्या निमित्ताने लंडनला तीन महिने जाणं झालं. थंडीचे दिवस, चारलाच अंधार. शनिवार-रविवार हॉटेलच्या खोलीत बसून मॅगी खाण्यापेक्षा जिथे हीटर फुकट मिळेल तिथे जायचं, या साध्या हिशेबाने मी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जायला लागलो (तिकीट नाही!). तिथे गिल्बर्ट कलेक्शन नावाचा एक संग्रह आहे. आर्थर आणि रोझलिंड गिल्बर्ट या नवरा-बायकोने जमवलेला. काचेच्या कपाटात ओळीने डब्या मांडलेल्या. सोन्याच्या, रत्नांच्या, आणि सोन्यावर निळ्या-हिरव्या-गुलाबी मीनाकामाच्या. तळहातावर मावतील एवढ्याच. खालची चिठ्ठी वाचली तर कळलं, ही तपकिरीची डबी!

अण्णाआजोबांना फोन करून सांगावंसं वाटलं. पण ते जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

त्या डब्यांनी माझे पुढचे बरेच वीकएंड खाल्ले. आज त्यांच्याबद्दल लिहितोय त्याला एक कारणही आहे, पण ते शेवटी.

* * *

आधी थोडा इतिहास. (कंटाळा आला तर पुढच्या चांदण्यांपर्यंत स्क्रोल करा, मी रागावणार नाही.)

युरोपात तपकिरीचं कौतुक सुरू झालं ते सोळाव्या शतकात. पोर्तुगालमधला फ्रेंच राजदूत जाँ निको याने १५६० च्या सुमारास लिस्बनहून फ्रान्सच्या राजमातेकडे, कॅथरीन द मेदिचीकडे, तंबाखू पाठवला. औषध म्हणून! निकोटिन हे नाव याच गृहस्थावरून आलं. पुढच्या दीडशे वर्षांत औषधाचं व्यसन झालं, आणि व्यसनाची फॅशन. फॅशन म्हटलं की डबी आलीच. तपकीर हवेने सुकते, तिचा वास उडतो, म्हणून झाकण घट्ट बसायला हवं आणि एका हाताने उघडायलाही हवं. बिजागरी कुठे आहे ते दिसू नये, यात पॅरिसच्या सोनारांची खरी परीक्षा असे.

राजांनी भेट म्हणून डब्या द्यायची चाल फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात रुजली. गंमत म्हणजे या लुईला स्वतःला तपकीर मुळीच आवडत नसे. त्याची जी भेट होती तिला ‘चित्राची डबी’ म्हणत. ती तपकिरीसाठी नव्हती, लॉकेटसारखी होती. मधोमध मीनाकामात रंगवलेला राजाचा चेहरा, भोवती हिरे. राजदूत मायदेशी निघाला, तह झाला, कुणी मोठं काम केलं, की ही डबी द्यायची. पुढे पंधराव्या लुईच्या काळात तपकिरीचा जोर इतका वाढला, की तोच राजाचा चेहरा तपकिरीच्या सोन्याच्या डबीच्या झाकणावर येऊन बसला. मग ही चाल बर्लिन, व्हिएन्ना, लंडन, सेंट पीटर्सबर्ग, सगळीकडे पसरली.

या सगळ्याची फ्रेंच दरबारात चोख वही ठेवलेली असे. ‘राजाच्या भेटी’ नावाचं रजिस्टर. कुणाला, काय, किती किमतीचं. आपल्याकडे लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात एक काका वही घेऊन बसतात ना, ‘देशपांडे, कोथरूड, रु. ५०१’ असं लिहीत? तेच. फक्त मांडव व्हर्सायचा. आणि वही ठेवायचं कारणही तेच. पुढच्या वेळी कुणाला किती द्यायचं, हे मागच्या आकड्यावर ठरतं. हिऱ्यांच्या संख्येवरून आणि आकारावरून पाहुण्याची पत कळायची. राजदूतही मूर्ख नव्हते, डबी मिळाली की तिची किंमत करून घेत.

आता रोख पैसेच का देत नसत? तर रोख दिले की ती लाच दिसते. डबी दिली की तो मान होतो. पगार वेळेवर न मिळणाऱ्या त्या काळातल्या राजदूतांना पैशाची गरज तर असायचीच. डबीत दोन्ही गोष्टी बसत. वरून मान, आतून रोकड.

* * *

माझं डोकं इंजिनिअरचं, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो ‘हे बनवायचे कसे?’

मीनाकाम म्हणजे शेवटी काच. सोन्याच्या पत्र्यावर आधी बारीक नक्षी कोरायची. मग काचेची अगदी बारीक पूड, त्यात रंगासाठी धातूंची ऑक्साइडं. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं, आणि गुलाबी-लाल रंगासाठी खुद्द सोनं. ही पूड ओली करून नक्षीवर पसरायची, वाळवायची आणि साधारण ८०० अंशांच्या भट्टीत काही मिनिटं ठेवायची. काच वितळून सोन्याला धरते. गार झाली की पुढचा थर. पारदर्शक मीना असेल तर त्याच्या खालून कोरलेली नक्षी पाण्याखालच्या वाळूसारखी चमकते.

यात मेख अशी, की प्रत्येक रंगाची काच वेगळ्या तापमानाला वितळते. म्हणून सगळ्यात जास्त आच लागणारा रंग पहिला, सगळ्यात नाजूक रंग शेवटी. क्रम चुकला की आधीचं काम वाहून गेलं. एका छोट्या चित्रासाठी डबी अनेक वेळा भट्टीत जायची, आणि शेवटच्या फेरीत एक बुडबुडा आला किंवा तडा गेला तर महिन्यांची मेहनत वाया. कंट्रोल-झेड नाही, बॅकअप नाही. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर रिलीज करताना आपल्या पोटात जो गोळा येतो ना, तो या मंडळींना रोज येत असणार.

पॅरिसच्या डब्यांच्या आतल्या बाजूला बारीक शिक्के असतात. ते वाचायला शिकलो तेव्हा तर मी खूशच झालो, कारण ती निव्वळ वर्कफ्लो सिस्टिम आहे. एक शिक्का उस्तादाचा, त्याची आद्याक्षरं आणि खूण. त्यात दोन बारीक ठिपकेही असतात, सोन्याच्या कसात जेवढी तूट कायद्याने चालत असे तिची ती खूण (म्हणजे टॉलरन्स!). एक शिक्का कारागीर-संघाचा, कस तपासल्याचा, वर्षाच्या अक्षरासकट. मग करवसुली करणाऱ्यांचे दोन. पहिला काम अर्धवट असताना, ‘या वस्तूवर कर लागू आहे’ असं सांगणारा. दुसरा काम पुरं होऊन कर भरल्यावर. टिकिट ओपन, टिकिट क्लोज्ड.

पण ज्याने तो निळा रंग सात वेळा भट्टीतून सुखरूप बाहेर काढला, त्याचं नाव बहुतेक डब्यांवर नसतं. मीना करणारा वेगळा, कोरणारा वेगळा, हिरे बसवणारा वेगळा. शिक्का मात्र दुकानाच्या मालकाचा. हे वाचून कुणाला आपल्या रिलीज नोट्सची आठवण आली तर तो योगायोग समजावा.

ज्यांची नावं राहिली त्यातला एक म्हणजे जाँ पेतितो. जन्म जिनिव्हाचा, १६०७ चा. मीनाकामात नखाएवढ्या जागेत माणसाचा चेहरा उतरवण्यात त्याच्या तोडीचा त्या काळात कुणी नव्हता. चौदाव्या लुईचे कितीतरी चेहरे त्याच्या हातचे. पेतितो धर्माने प्रोटेस्टंट होता. १६८५ साली याच लुईने प्रोटेस्टंटांना संरक्षण देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केला, आणि ऐंशीच्या घरात पोचलेल्या पेतितोला तुरुंगात टाकलं गेलं. धर्म सोडल्याचं त्याच्याकडून वदवून घेतलं. पुढे तो कसाबसा जिनिव्हाला निसटला आणि १६९१ साली स्वित्झर्लंडमध्येच वारला. ज्या माणसाने राजाचा दयाळू, हसरा चेहरा युरोपभरच्या पाहुण्यांच्या खिशात पोचवला, त्याला राजाचा दुसरा चेहरा म्हातारपणी बघायला मिळाला.

मला ही गोष्ट वाचून दोन दिवस चैन पडलं नव्हतं.

* * *

डब्यांचा सगळ्यात मोठा वेडा म्हणजे प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक, ज्याला ‘द ग्रेट’ म्हणतात. याच्याकडे शेकड्यांनी डब्या होत्या. बर्लिनच्या कारागिरांचा धंदा चालावा म्हणून त्याने फ्रान्सच्या डब्यांच्या आयातीवरच बंदी घातली. सायलेशियात मिळणारा हिरवा क्रिसोप्रेज दगड कोरून, त्यावर हिऱ्यांची फुलं बसवून बनवलेल्या त्याच्या डब्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहेत. मी ज्या कपाटासमोर हीटरच्या आशेने उभा राहिलो होतो ते हेच.

१२ ऑगस्ट १७५९ ला कुनर्सडॉर्फच्या लढाईत फ्रेडरिकचा रशिया आणि ऑस्ट्रियाने पार धुव्वा उडवला. त्या दिवशी एक गोळी त्याच्या खिशातल्या तपकिरीच्या डबीवर बसली आणि तो वाचला. चेपलेली ती डबी आजही जर्मनीतल्या होहेनत्सोलर्न किल्ल्यात ठेवलेली आहे. व्यसनाने जीव वाचल्याचं हे एकमेव उदाहरण असावं. अण्णाआजोबांना माहीत असतं तर त्यांनी घरात दर आठवड्याला ऐकवलं असतं.

* * *

पण मला सगळ्यात जास्त भावली ती डब्यांच्या परतीच्या प्रवासाची गोष्ट.

इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जचा राज्याभिषेक १८२१ साली झाला. त्या वेळी परदेशी मंत्र्यांना द्यायच्या तपकिरीच्या डब्यांसाठी रंडेल अँड ब्रिज या सराफी पेढीला ८,२०५ पौंड १५ शिलिंग ५ पेन्स दिले गेले, असा हिशेब सापडतो. (वरच्या ५ पेन्सवर माझा फार जीव आहे. कुणीतरी अकाउंट्सवाला रात्री जागून टॅली करत बसला असणार.) ज्याला डबी मिळाली त्याच्याकडे आधीच पाच-सहा असायच्या. मग काय करायचं? सराफाकडे जायचं, डबी द्यायची, पैसे घ्यायचे. सराफ ती परत राजाला विकायचा. राजा ती पुढच्या राजदूताला द्यायचा.

रशियात तर याची रीतसर व्यवस्थाच होती. झारच्या भेटवस्तूंचं एक वेगळं खातं होतं. झारचा हिऱ्यांनी मढवलेला चेहरा असलेली डबी हा सर्वोच्च मान, त्याखाली झारची नुसती आद्याक्षरं असलेली डबी. ज्याला ती मिळे तो हवं तर खात्याकडे डबी परत करून रोख रक्कम घेऊ शकत असे. परत आलेली डबी पुसून-चमकवून पुन्हा कुणाला तरी दिली जाई. फाबर्जेच्या दुकानात बनलेल्या काही डब्या अशा दोन-तीनदा फिरल्यात. हे सगळं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला, जेव्हा तपकीर ओढायची फॅशन कधीच मागे पडली होती! डबीत तपकीर पडणारच नव्हती, हे देणाऱ्यालाही माहीत आणि घेणाऱ्यालाही.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ‘देण्याघेण्याच्या साड्या’ नावाचा प्रकार असतोच. ती साडी नेसायची नसते, ती फिरायची असते. आमच्या आईच्या कपाटात खालच्या कप्प्यात असा एक गठ्ठा कायम असे, आणि कुठली साडी कुणाकडून आली याची नोंद तिच्या डोक्यात पक्की. कारण साडी चुकून मूळ मालकिणीकडे परत जाणं म्हणजे डिप्लोमॅटिक इन्सिडेंट. झारच्या खात्याला बहुतेक माझ्या आईसारखी एखादी बाई चालवत असावी.

हिंदुस्थानातही हेच चालायचं. कंपनी सरकारच्या लोकांनी राजेरजवाड्यांकडून भेटी उकळून गडगंज व्हायला सुरुवात केली, तेव्हा १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने वरच्या अधिकाऱ्यांना भेटी घ्यायला मनाई केली. पण दरबारात मिळालेली वस्त्रं नि रत्नं नाकारणं म्हणजे अपमान. मग ती घ्यायची, कंपनीच्या तोशाखान्यात जमा करायची, आणि पुढच्या संस्थानिकाला भेट द्यायची वेळ आली की तिथूनच काढून द्यायची. तोशाखाना आजही आहे, दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा. मंत्री-अधिकाऱ्यांना परदेशात मिळालेली ५,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीची भेट तिथे जमा करावी लागते.

* * *

आता या गोष्टीची कडू बाजू.

अमेरिका नवीन नवीन स्वतंत्र झाली होती. तिचे राजदूत फ्रान्सला गेले, आणि जाताना सोळाव्या लुईने त्यांना प्रथेप्रमाणे भेटी दिल्या. आर्थर ली याला हिरेजडित चित्र असलेली डबी. बेंजामिन फ्रँकलिन १७८५ साली परत निघाला तेव्हा त्याला लुईचं छोटं चित्र मिळालं, भोवती ४०८ हिरे. या लोकांनी राजा नको म्हणून लढाई केलेली, आणि आता राजाचा चेहरा खिशात! अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परकीय राजाकडून भेट घ्यायला सक्त मनाई होती. फ्रँकलिनने ते चित्र काँग्रेसपुढे ठेवलं आणि परवानगी मागितली. परवानगी मिळाली, पण लोकांच्या मनात किंतु राहिला. १७८७ च्या राज्यघटनेत कलम आलं, की काँग्रेसच्या संमतीशिवाय कुणाही पदाधिकाऱ्याने परकीय राजाकडून भेट घेऊ नये. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियात या कलमावर चर्चा झाली, तेव्हा एडमंड रँडॉल्फने राजाने राजदूताला दिलेल्या डबीचाच दाखला दिला. तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूमुळे एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेला अप्रूव्हलची पायरी जोडली गेली!

फ्रँकलिनने ते चित्र मृत्युपत्राने मुलीला, सारा बेशला, दिलं. अट एकच घातली, त्यातले हिरे काढून स्वतःसाठी किंवा आपल्या मुलींसाठी दागिने करू नकोस. साराने अट पाळली. दागिने केले नाहीत. हिरे विकले आणि त्या पैशात नवऱ्याबरोबर इंग्लंडचा प्रवास केला. (बाईला मनापासून दाद!) चित्र मात्र राहिलं, आज ते फिलाडेल्फियात अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीकडे आहे. जेफरसनची गोष्ट त्याहून व्यवहारी. त्यालाही हिरेजडित चित्र आलं, आणि फ्रेंच दरबारातल्या अधिकाऱ्यांना उलटी भेट देणंही भाग होतं. त्याने आपल्या माणसाकरवी गुपचूप हिरे काढून विकायला लावले आणि त्यातून त्या भेटींचा खर्च भागवला. म्हणजे राजाच्या भेटीतूनच राजाच्या माणसांना भेट. आईच्या कपाटातला खालचा कप्पा!

अशा डब्यांचं बहुतेक हेच झालं. हिरे निघाले, सोनं वितळलं. चौदाव्या लुईच्या चित्राच्या डब्यांपैकी हिऱ्यांसकट टिकलेल्या अगदी बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक लूव्रमध्ये आहे. ज्या तपकिरीच्या डब्या उरल्या त्यांच्यावर आता चोरांचा डोळा. इंग्लंडमधल्या वॉडस्डन मॅनरमधून जून २००३ मध्ये शंभराहून जास्त डब्या गेल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या कोन्याक-जे म्युझियममध्ये भरदिवसा कुऱ्हाडी घेऊन माणसं शिरली आणि सात डब्या घेऊन गेली. आज त्या डबीची किंमत सोन्यात नाहीच, कुणी बनवली आणि कुणी कुणाला दिली यात आहे. सराफांच्या भाषेत, आता सगळी किंमत घडणावळीची.

* * *

घडणावळीवरून आता माझ्या मित्राची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही.

माझ्या या मित्राला नोकरीत दहा वर्षं झाली तेव्हा कंपनीने दहा ग्रॅमचं सोन्याचं नाणं दिलं. निळ्या मखमली डबीत. नाण्याच्या एका बाजूला ठसठशीत लोगो, दुसऱ्या बाजूला ‘कृतज्ञतेसह’. टाळ्या, केक, फोटो, सगळं झालं. त्याच्या आईने नाणं देवासमोर ठेवून हळदकुंकू वाहिलं. ते डाग पुढे कायम राहिले.

२०२३ साली टेकमध्ये कपातीची लाट आली, त्यात तो गेला. एका सकाळी पंधरा मिनिटांचा कॉल, संध्याकाळी लॅपटॉप परत. घराचा हप्ता, मुलीची शाळा. चौथ्या महिन्यात त्याने मला फोन केला, “शनिवारी लक्ष्मी रोडला येतोस का? एकटं जायला नको वाटतंय.”

सराफ म्हातारे होते. त्यांनी नाणं उलटसुलट केलं, यंत्रात कस बघितला, काट्यावर वजन केलं, हळदीच्या डागाकडे बघून जरासं हसले. मित्राने उगीचच सांगितलं, “कंपनीने दिलं होतं. लोगो आहे बघा त्यावर. बारीक काम आहे.” ते म्हणाले, “साहेब, शिक्क्याचे पैसे नसतात. पैसे सोन्याचे.” यात टोमणा नव्हता. ते फक्त भाव सांगत होते.

बाहेर पडून आम्ही कोपऱ्यावर चहा घेतला. मला वाटलं आता हा रडणार. मी शब्द जुळवत होतो. तर तो म्हणाला, “एक सांगू? बरं झालं त्यांनी सोनं दिलं. तुला मिळाली ना ती काचेची ट्रॉफी, ती आज कुणी घेतली असती?”

माझी ट्रॉफी टीव्हीच्या शेजारी आहे. साडेतीन किलोची. त्यात लेझरने माझंच नाव कोरलंय, स्पेलिंग चुकवून. आमच्या बाई दर सोमवारी ती पुसतात आणि दर सोमवारी विचारतात, “हे काय करायचं असतं?”

त्या दिवसापासून मी भेटीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आपण म्हणतो भेट विकणं वाईट, त्यात भावना असते. पण त्या नाण्यातल्या भावनेचं काय झालं होतं, ते कंपनीने पंधरा मिनिटांत ठरवून टाकलं होतं. उरलं होतं ते दहा ग्रॅम सोनं, आणि ते त्याच्या उपयोगी पडलं. ज्या राजदूताने गावी गेल्यावर डबी मोडून घराचं छप्पर शाकारलं असेल, त्याने राजाचा अपमान केला असं मला वाटत नाही. उलट त्या जुन्या पद्धतीतला शहाणपणाचा भाग तोच होता. देणाऱ्याने स्वतःचा चेहरा भले मोठा काढून घेतला, पण त्याच्याभोवती मोडता येतील असे हिरे ठेवले. पेतितोला त्या चेहऱ्याच्या मायेचा काही उपयोग झाला नाही. सारा बेशला हिऱ्यांचा झाला.

आणि फ्रँकलिनच्या देशाला जी भीती वाटली तीही खोटी नव्हती. जी भेट नाकारता येत नाही, मोडता येत नाही, विसरता येत नाही, ती घेणाऱ्याला बांधून ठेवते. आपण दरवर्षी कंप्लायन्सच्या ट्रेनिंगमध्ये ‘व्हेंडरने दिवाळीला काजू-बदामाचा डबा दिला तर काय कराल?’ या प्रश्नाला डोळे झाकून बरोबर पर्यायावर टिचकी मारतो. त्यामागे अडीचशे वर्षांपूर्वीची एक डबी आहे, एवढं लक्षात असलं तरी ट्रेनिंग जरा सुसह्य होईल.

आता ते वर म्हटलेलं कारण. आमच्या ऑफिसात मला यंदा रिवॉर्ड्स अँड रेकग्निशन कमिटीवर घेतलंय. (नकार देता येत नाही असा हा सन्मान.) दहा वर्षं पूर्ण करणाऱ्यांना काय द्यायचं, यावर चर्चा चालू आहे. एका बाजूला नव्या डिझाइनची क्रिस्टल ट्रॉफी आहे, आत थ्रीडीमध्ये त्या माणसाचा चेहरा आणि वर लोगो. दिसायला झकास आहे, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या बाजूला त्याच बजेटमध्ये बसणारं छोटंसं सोन्याचं नाणं. ते स्लाइडवर अगदीच किरकोळ दिसतं. एचआरमधल्या एकीने रास्त मुद्दा काढला, की नाणं लोक विकून टाकतील.

बुधवारी मीटिंग आहे. मी सांगणार आहे, की विकू देत. फक्त लोगो मागच्या बाजूला घ्या आणि लहान ठेवा, तेवढाच घडणावळीचा खर्च वाचेल आणि सोनं दोन गुंजा जास्त बसेल.